पाखरांच्या घराला खिडकी

परवानगीसाहेबांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्यांची शेकडो घरं अडवून ठेवली, पण स्वतः एक वीटही कधी रचली नाही. पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात कोपऱ्यातलं टेबल त्यांचं. लोक घराच्या नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन यायचे, साहेब ती गुंडाळी पेपरवेटांखाली सपाट करायचे, चष्मा पुसायचे, पट्टी लावायचे आणि जिथे खोलीच्या मानाने खिडकी लहान दिसेल तिथे तांबड्या पेन्सिलीने गोल काढायचे. माणसाला उजेड आणि वारा मिळालाच पाहिजे, या बाबतीत ते सख्ख्या मेहुण्यालाही सोडत नसत. सोडलं नव्हतंच, मेहुणा अजून नीट बोलत नाही. सोसायटीतल्या लोकांनी त्यांना 'परवानगीसाहेब' हे नाव ठेवलं ते आधी पाठीमागे आणि मग तोंडावर. साहेबांना ते मनातून आवडायचं, पण हे त्यांच्या बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

तर अशा या माणसाने पाखरांसाठी घर बांधायला घेतलं, त्याची ही हकीकत.

आता खरं सांगायचं तर कारण पाखरं नव्हतीच. कारण होतं छोटी. छोटी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. तिने उंचीत बापाला कधीच मागे टाकलं होतं, नोकरी लागून ती दुसऱ्या शहरात राहायला गेली होती, तिथल्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लोक तिला मॅडम म्हणत होते, तरी घरात ती छोटीच. ती गेल्यापासून घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी असायची आणि नेमकं तेच साहेबांना सोसत नव्हतं. टॉवेल दांडीवर, रिमोट टीव्हीपाशी, न्हाणीघरातला दिवा विझवलेला. या दिव्यावरून त्यांनी लेकीशी वर्षानुवर्षं वाद घातला होता. आता वाद घालायला कुणी उरलं नव्हतं, तेव्हा कधीकधी ते स्वतःच दिवा चालू ठेवून बाहेर येत आणि बायकोने तो बंद केला की उगाच चिडत.

रोज संध्याकाळी घरी आल्याबरोबर, पायातले बूट काढायच्या आधी, साहेब छोटीला फोन लावत. जेवलीस का, झोप होते का, सर्दी गेली का, एवढी प्रस्तावना झाली की मूळ मुद्दा यायचा. "मग, कधी येशील?" पलीकडून छोटी म्हणायची, "पाहू." सरकारी टेबलावरून येणाऱ्या 'पाहू'चा अर्थ काय असतो हे साहेबांना कुणी शिकवायची गरज नव्हती, नोकरीभर ते लोकांना हेच सांगत आले होते. पण लेकीच्या तोंडचं 'पाहू' ते जवळजवळ 'हो' असं धरायचे आणि मग बूट काढायचे.

शहराच्या कडेला तळ्याकाठी एक निसर्ग केंद्र होतं. पानगळ सुरू झाली की केंद्राच्या फाटकावर 'कुटुंबांसाठी शरद ऋतूतले कार्यक्रम' असा फलक लागायचा. पानांचे ठसे काढणं, बिया वेचणं, तळ्याच्या पाण्यातले किडे भिंगातून बघणं, पालापाचोळ्याचे ढीग रचणं आणि सगळ्यात शेवटी पाखरांसाठी लाकडी पेट्या बनवून झाडांवर टांगणं. छोटी लहान असताना बापलेक दर वर्षी जायचे आणि गुडघाभर चिखल घेऊन परत यायचे. यंदा ऑफिसातून येताना साहेबांना तो फलक दिसला आणि ते सायकलवरून उतरून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"यंदा पेटी करायची का आपण?" त्या संध्याकाळी त्यांनी फोनवर विचारलं. "तू नुसती टांगायच्या दिवशी ये. बाकीचं मी बघतो."

"पाहू, बाबा," छोटी म्हणाली. बूट पायात होतेच. साहेब तसेच नाव नोंदवायला निघाले.

केंद्राची कचेरी म्हणजे एक लांबट खोली. दाराशी चिखलाने माखलेल्या गमबुटांची रांग, भिंतीवर चौकटीत लावलेली सापाची कात, खिडकीच्या कट्ट्यावर बिया भरलेल्या बरण्या, आणि सगळ्यावर ओल्या मातीचा वास. टेबलामागे केंद्राच्या संचालिका बाई बसलेल्या. बाईंच्या गळ्यात दुर्बीण होती, आणि समोरच्या माणसाकडे त्या अशा बघायच्या की दुर्बिणीची गरज कशाला असा प्रश्न पडावा.

"घरातले किती जण येणार?" बाईंनी विचारलं.

"तीन," साहेब म्हणाले.

"पेटी टांगताना तिघंही हवेत बरं का. एक शिडी धरायला, एक वर चढायला, एक खाली उभं राहून पेटी सरळ आहे का सांगायला. दर वर्षी कुणीतरी एकटाच येतो आणि पडतो."

"तिघंही येणार," साहेब असं म्हणाले, जणू छोटी बाहेर सायकल धरून उभी आहे.

मग बाईंनी पेटी कशी करायची ते सांगितलं. साधी खडबडीत फळी घ्यायची. रंग नको, पॉलिश नको. आत मूठभर जागा, पुढे एक गोल भोक, वर झाकण. संपलं.

"आणि खिडकी?" साहेबांनी विचारलं.

"खिडकी नाही."

साहेब मंद हसले. खिडकी विसरणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती.

घरी आल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि नकाशा काढायला घेतला. आत्तापर्यंत दुसऱ्यांच्या नकाशांवर नुसते गोल काढलेला माणूस. स्वतःची पहिली रेघ मारण्याआधी त्यांनी पट्टी दोनदा लावून पाहिली. बाईंनी सांगितलेल्या मापाचं घर कागदावर उतरलं तेव्हा त्यांनी ते खात्याच्या नजरेने तपासलं आणि ते त्यांना अजिबात पसंत पडलं नाही. उजेड नाही, वारा नाही, दाराशिवाय बाहेर पडायला दुसरी वाट नाही. असं घर एखाद्या बिल्डरने आणलं असतं तर साहेबांनी त्याला जिन्यावरूनच परत पाठवला असता. त्यांनी तांबडी पेन्सिल घेतली, स्वतःच्याच नकाशावर गोल काढला आणि मागच्या भिंतीत एक खिडकी टाकली.

इथवर प्रकरण हाताबाहेर गेलेलं नव्हतं. ते गेलं, कारण सोसायटीला कळलं. सोसायटीत एखाद्याने नवीन चप्पल घेतली तरी त्यावर चार मतं पडतात, इथे तर घर बांधायचं होतं.

पहिल्यांदा वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. त्यांनी नकाशा बघितला, जीभ गालात फिरवली आणि म्हणाले, "भोक कशाने पाडणार?" साहेबांनी स्वयंपाकघरातल्या सुरीकडे बघितलं. "माझ्यावर सोडा. भोक या विषयात मी आयुष्य काढलंय." मग शेजारच्या काकू आल्या. काकूंना संसाराचा मोठा अनुभव. त्या म्हणाल्या, "एकच खोली? अहो, पिल्लं झाली की कुठे जायचं त्यांनी? आणि पाहुणे आले म्हणजे?" साहेबांना हे पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा ते लागलं. पिल्लांची वेगळी खोली असावी, ती परत आली तर त्यांना आपली जागा सापडावी, हे त्यांना एकदम इतकं महत्त्वाचं वाटलं की त्यांनी नवा कागद घेतला. नव्या नकाशात दोन खोल्या, मधे दार, दोन खिडक्या, उतरतं छप्पर आणि पावसाचं पाणी वाहून जायला पन्हळ आली.

शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते आत आले नाहीत, दारातच उभे राहिले, कारण सेक्रेटरी तक्रार घेऊन आले की नेहमी दारातच उभे राहतात. "गच्चीवर करवत चालवायची तर कमिटीची परवानगी लागेल, साहेब."

"माझ्याकडे परवानगी मागताय?" साहेब म्हणाले.

"मागत नाही. तुम्ही मागायची आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभं राहायची पाळी आली. साहेबांनी अर्ज केला. सेक्रेटरींनी तो वाचला, चष्मा पुसला, आणि "पाहू" म्हणाले. साहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. परवानगी मिळाली ती सेक्रेटरींच्या बायकोने आतून ओरडून दिली.

लाकडाचाही घोळ झालाच. लाकडाच्या वखारीतली फळी साहेबांना हलकी वाटली. जुनं, मुरलेलं, कधी न वाकणारं लाकूड हवं होतं आणि घरात ते दोनच ठिकाणी होतं. एक छोटीच्या अभ्यासाच्या टेबलात, आणि दुसरं स्वयंपाकघरातल्या बरण्यांच्या फळीत. टेबलाकडे साहेबांनी नुसतं बघितलं, तर बायको दारात आडवी उभी राहिली.

"त्याला हात लावाल तर बघा."

"मी कुठे लावतोय?"

"मग टेप कशाला काढलीय?"

साहेबांनी टेप खिशात घातली. बायको थोडा वेळ त्या टेबलाजवळ उभी राहिली, वरची नसलेली धूळ पदराने पुसली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बरण्या उतरवायला लागली. त्यानंतर पुष्कळ दिवस त्या घरात डाळी आणि पिठं जेवणाच्या टेबलावर असायची आणि नवराबायको ताट मांडीवर घेऊन जेवायची.

डॉक्टरांनी दवाखाना बंद झाल्यावर पेटीला भोक पाडलं. अर्थात दातांच्या मशिनने, आणि मधूनमधून "दुखतंय का" असं सवयीने विचारत. भोक इतकं गुळगुळीत झालं की त्यात बोट फिरवायला साहेबांना मजा वाटली. छप्पर बसलं, पन्हळ बसली. काकूंनी खिडक्यांना पडदे शिवून आणले. ते मात्र साहेबांनी आदराने नाकारले, पाखरांना मोकळी हवा लागते म्हणून. मग लाकूड फारच उघडं दिसायला लागलं, तेव्हा त्यांनी पॉलिशचा एक हात दिला. एका हाताने समाधान झालं नाही म्हणून दुसरा दिला. तयार पेटी उचलायला दोन माणसं लागत होती आणि ती गच्चीच्या दारातून खाली येईना, म्हणून दार बिजागऱ्यांतून काढावं लागलं. ते दार परत बसवण्यावरून कमिटीत पुढे जे झालं त्यासाठी वेगळी गोष्ट लिहावी लागेल. या सगळ्या काळात साहेब फोनवर छोटीला रोजचा वृत्तांत देत होते आणि छोटी हसत होती. तिचं हसू ऐकायला मिळावं म्हणून त्यांनी एक-दोन फजित्या पदरच्याही घातल्या.

टांगायच्या दिवशी सकाळी छोटीचा निरोप आला. 'बाबा, कामाचं निघालं. नाही जमत. सॉरी.' साहेबांनी तो वाचला आणि फोन खिशात ठेवला. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, "वाटेत असेल."

"वाटेत आहे असं लिहिलंय का तिने?"

"तसं लिहिलेलं नाही," साहेब म्हणाले, आणि पेटीला दोरी बांधायला लागले. त्यांच्या गाठी एकीवर एक पडत होत्या. बायकोने दोरीचं दुसरं टोक धरलं.

केंद्रात सगळीकडे कुटुंबं पसरली होती. पोरं पिवळ्या पानांत लोळत होती, आया त्यांच्या केसांतून काटक्या काढत होत्या, बाप शिडीवर चढून हिरोसारखे खाली बघत होते. प्रत्येकाच्या हातात बुटाच्या खोक्याएवढी साधी पेटी होती. साहेबांची पेटी हातगाडीवरून आली तेव्हा सगळ्यांनी वाट करून दिली.

बाई पेटीभोवती एक फेरी मारून आल्या. "हे काय आहे?"

"पेटी."

"यात कोण राहणार?"

"ज्याला राहायचं असेल तो," साहेब म्हणाले. "उजेड आहे, वारा आहे, पिल्लांना वेगळी खोली आहे."

बाईंनी भोकाला नाक लावलं आणि मागे घेतलं. "अहो, पाखराला अंधार लागतो. अडचण लागते. अंग भिंतीला घासलं की त्याला बरं वाटतं. उजेड असला की त्याला वाटतं कुणीतरी बघतंय. आणि या पॉलिशच्या वासाने डोळे चुरचुरतील त्याचे."

"आमच्या खात्यात तुमच्या मापाचं घर पास झालं नसतं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, पण त्यात दम नव्हता.

"तुमच्या खात्यात पाखरं येतात का?" बाई म्हणाल्या. आजूबाजूचे बाप शिडीवरून हसले. साहेबांना ते फार लागलं. नोकरीभर त्यांनी उजेडाची बाजू घेतली होती आणि इथे चारचौघांत अंधाराने त्यांना हरवलं होतं.

पण पेटी परत न्यायची म्हणजे पुन्हा गच्चीचं दार काढायचं. शेवटी बाईंनी फळकुटाचे तुकडे आणून, छप्पर उघडून दोन्ही खिडक्या आतून ठोकून बंद केल्या, मधलं दारही बंद केलं, आणि हिवाळाभर पाऊसवाऱ्याने वास गेला तर गेला, असं म्हणून परवानगी दिली. साहेब शिडीवर चढले. बायकोने शिडी धरली. पेटी सरळ आहे का हे सांगायला मात्र कुणी नव्हतं. साहेबांनी वरूनच फाटकाच्या रस्त्याकडे एकदा बघितलं. रस्त्यावर पानं तेवढी पडत होती.

"डावीकडे घ्या जरा," बाईच तिसऱ्या जागी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या. तिसरा कोण, कुठे आहे, हे त्यांनी विचारलं नाही. त्याबद्दल साहेबांनी त्यांना बाकी सगळं माफ केलं.

पेटी लागली. मग बाईंनी सगळ्या कुटुंबांना जमवून शेवटचा नियम सांगितला. पेटी लावायची आणि मागे फिरायचं. वसंतापर्यंत त्या झाडाखाली कुणी यायचं नाही. माणसाचा वावर असला की पाखरू ती जागा टाकतं.

"आणि नाहीच आली तर?" साहेबांनी विचारलं.

"तर नाही आली. वाट बघून येत नाहीत ती. उलट तुम्ही वाट बघताय हे त्यांना कळतं."

हा नियम बाकी सगळ्यांनी ऐकला आणि विसरून ते चहाला गेले. साहेबांच्या मात्र तो मनात रुतला. रुतला तरी पाळता येईना. दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर सायकल आपोआप तळ्याकडे वळली. झाडापासून थोड्या अंतरावर झुडपं होती, त्यांच्यामागे ते बसून राहिले. काही आलं नाही. तिसऱ्या दिवशीही आलं नाही. बाईंनी एकदा त्यांना पकडलं, दुसऱ्यांदा पकडलं, आणि तिसऱ्यांदा सापडलात तर फाटकातून आत घेणार नाही असं बजावलं. एवढा मोठा अधिकारी, पण झुडपातून उठताना त्यांच्या पँटला कुसळं लागलेली असायची आणि ती झटकत झटकत त्यांना ओरडा ऐकून घ्यावा लागायचा.

घरी कुसळं बायकोला दिसली. तिने सगळं काढून घेतलं आणि मग म्हणाली, "बाईंचं बरोबर आहे. पाखरांचंच नाही, छोटीचंही तसंच आहे. रोज उठून कधी येशील, कधी येशील. मागे माझ्याशी बोलताना म्हणाली, आई, संध्याकाळ झाली की मला बाबांच्या फोनचं दडपण येतं."

"दडपण?" साहेब म्हणाले. एवढा एकच शब्द त्यांनी दोन-तीनदा उच्चारला. मग आत जाऊन बसले. आपण प्रेमाने फोन करतो आणि पलीकडे पोर घड्याळाकडे बघून घाबरते, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. आपणच तिच्या घरातला उजेड आहोत, वारा आहोत असं त्यांना वाटत आलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी ठरवलं की झाडाखाली जायचं नाही आणि फोनही करायचा नाही. बायकोला तसं वचनही दिलं.

फोन न करायचं त्यांनी पाळलं. कसं पाळलं ते त्यांचं त्यांना माहीत. घरी आलं की हात खिशाकडे जायचा, म्हणून ते फोन बरण्यांच्या मागे ठेवून देत. संध्याकाळ पुढे सरकत नसे. छोटीचा आवाज त्यांना कुठेही ऐकू यायला लागला. जिन्यात, बाजारात, एकदा तर साहेबांच्या ऑफिसात नकाशा घेऊन आलेल्या एका बाईच्या बोलण्यात. त्या बाईच्या स्वयंपाकघराला खिडकी लहान होती तरी त्यांनी नकाशा पास केला. छोटीने मधे एकदा आईला फोन केला, "बाबा बरे आहेत ना?" असं विचारलं. आई म्हणाली, "बरे आहेत." साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी मानेने 'नको' म्हटलं आणि फोन घेतला नाही.

एक वचन पाळलं की दुसरं मोडायला माणूस मोकळा होतो. संध्याकाळचा वेळ कुठे घालवायचा म्हणून साहेब पुन्हा तळ्याकडे जायला लागले, बायकोला "जरा फिरून येतो" असं सांगून आणि फोन बरण्यांमागे ठेवून. हे एकट्या दातांच्या डॉक्टरांना ठाऊक होतं, कारण परतताना बुटाचा चिखल ते डॉक्टरांच्या पायपुसण्यावर काढत.

आणि मग सुटीच्या दिवशी दुपारी, साहेब असेच फिरायला गेलेले असताना, घराची बेल वाजली आणि दारात छोटी उभी. बाबांचा फोन येत नाही, आई विचित्र बोलते, म्हणजे नक्की काहीतरी लपवतायत, अशा काळजीने ती सकाळची बस धरून आली होती. दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं म्हणून संध्याकाळच्या बसने परत जायची होती. हाती होती एवढी एक दुपार.

बायकोने फोन लावला तर तो पिठाच्या डब्यामागे वाजला. मग शोध सुरू झाला. डॉक्टरांनी थोडे आढेवेढे घेऊन गुपित फोडलं, आणि बायको, छोटी, डॉक्टर, काकू असे सगळे केंद्राकडे निघाले. सेक्रेटरीही निघाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण सोसायटीचा सभासद हरवला तर आपण हजर पाहिजे असं त्यांचं मत पडलं.

साहेब झुडपामागे बसले होते. फाटकाकडून गलका आला. पहिला आवाज संचालिका बाईंचा, दुसरा सेक्रेटरींचा, "परवानगीसाहेब, बाहेर या!" असा. साहेबांनी ओळखलं, केंद्र आणि सोसायटी एक झाली, आता सगळ्यांसमोर आपली वरात निघणार. शेजारी पोरांनी रचलेला पाचोळ्याचा मोठा ढीग होता. पालिकेच्या वरिष्ठ पदावरचा, सन्मानाने निवृत्त व्हायला आलेला तो माणूस चष्मा सांभाळत त्या ढिगात शिरला आणि वरून पानं ओढून घेतली.

आत अंधार होता आणि अडचण होती. अंग चहूबाजूंनी पानांना घासत होतं. साहेबांना नवल वाटलं, पण त्यांना बरं वाटलं. बाहेर पावलं फिरत होती. काकूंचा आवाज आला, डॉक्टरांचा आला, आणि मग अगदी जवळून आला तो छोटीचा आवाज. "बाबा! अहो बाबा!"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. झालं, आता पाचोळ्यातसुद्धा ऐकू यायला लागला, असं ते स्वतःशी म्हणाले. एवढ्या दिवसांत त्या आवाजाला फसून ते जिन्यात किती वेळा मागे वळले होते. आता वळायचं नाही, असं त्यांनी दात आवळून ठरवलं आणि तो आवाज दूर जाईपर्यंत ते हलले नाहीत. दूर गेल्यावरही काही वेळ कान देऊन बसले, कारण खोटा असला तरी तो तिचाच होता.

ऊन उतरल्यावर ते बाहेर आले आणि खाली मान घालून फाटकापाशी पोचले. बाई कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. "तुमची मुलगी येऊन गेली," त्या म्हणाल्या. "उंच आहे. घसा बसेपर्यंत हाका मारत होती. आत्ताच बसस्टँडकडे गेल्या त्या मायलेकी."

साहेबांनी सायकल काढली. आयुष्यात कधी त्यांनी चौकात डावीउजवीकडे न बघता सायकल घातली नव्हती, ती त्या दिवशी घातली.

बस लागली होती, ड्रायव्हर आपल्या जागेवर बसला होता. छोटी पायरीजवळ उभी होती. आई तिच्यासाठी बिस्किटं आणायला स्टॉलवर गेली होती. साहेब समोर येऊन थांबले. केसांत पानं, कोटावर पानं, एक बूट सुटलेला. छोटी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने हात पुढे करून त्यांच्या कॉलरमधलं एक पान काढलं.

"कुठे होतात तुम्ही?"

"तिथेच होतो."

"मग ओ का नाही दिलीत?"

"मला वाटलं भास होतोय," साहेब म्हणाले. "हल्ली होतात."

तिने बॅगेचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. कंडक्टरने एकदा शिट्टी वाजवली. साहेबांच्या ओठांवर तो रोजचा प्रश्न आला होता. त्यांनी तो गिळला आणि तिच्या बॅगेकडे बघत म्हणाले, "बस आरामाची आहे ना? खिडकीची जागा मिळाली का?"

"बाबा, फोन का बंद केलात?"

"तुला दडपण येतं म्हणून."

"यायचं," छोटी म्हणाली. "खरंच यायचं. मग तुमचा फोन यायचा बंद झाला. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी फोन हातात घेऊन बसले. तिथे खूप लोक आहेत, बाबा, सगळे चांगले आहेत. पण मी कधी येणार, हे मला तिथे कुणी विचारत नाही." तिचा बसलेला घसा आणखी बसला. "विचारा ना."

कंडक्टरने दुसरी शिट्टी दिली. छोटी पायरीवर चढली, आत गेली आणि खिडकीत येऊन बसली. काच वर सरकवून तिने तोंड बाहेर काढलं. साहेब खिडकीखाली आले. आणि त्यांनी विचारलं. नुसतं विचारलं नाही, सगळं विचारलं. कधी येशील, कुठल्या दिवशी, सकाळी की संध्याकाळी, किती दिवस राहशील, स्टँडवर घ्यायला येऊ का. बस सुटली तरी ते खिडकीबरोबर चालत विचारत राहिले. आणि छोटी, डोळे पुसत, हाताच्या बोटांवर मोजून दाखवत, एकेका प्रश्नाचं उत्तर देत राहिली, बस वळणावर जाईपर्यंत.

बायको बिस्किटांचा पुडा घेऊन धावत आली तेव्हा स्टँडवर धूर उरला होता. तिने नवऱ्याकडे बघितलं, त्यांच्या केसांतली पानं बघितली, आणि रागवायचं राहूनच गेलं.

"भेट झाली ना? काय म्हणाली? कधी येणार म्हणाली?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. ती सांगत होती तेवढा सगळा वेळ ते तिच्या तोंडाकडे बघत होते. एक अक्षरही त्यांनी ऐकलं नव्हतं.